विद्यापीठात लेखक बोलायला येतात तेव्हा आपणही जाऊ शकतो! पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

मी मूळची गारगोटीची. कोल्हापुरात आले ती नोकरीसाठी, उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात बिलिंगला आहे. पहिली दोन वर्षं शिवाजी विद्यापीठ म्हणजे माझ्यासाठी केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, खिडकीतून दिसणारं मोठं गेट आणि आत महाराजांचा अश्वारूढ पुतळा, बास एवढंच. मग एक दिवस पेपरात वाचलं की एक कादंबरीकार येणारेत, ज्यांची पुस्तकं मी गावातल्या वाचनालयातून आणून रात्री जागून वाचलेली, आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं, प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला. तरी मी गेले नाही. कुणाला विचारायचं, कुठं बसायचं, गेटवर हटकलं तर काय सांगायचं, आपण काय तिथले विद्यार्थी आहोत का, असं करत करत वेळ निघून गेली. ते लेखक नंतर इकडं परत आलेच नाहीत, ती गोष्ट मला अजून लागते.

त्यानंतर मात्र ठरवून जायला लागले आणि आता जवळजवळ प्रत्येक महिन्यात एखादं तरी व्याख्यान होतंच. नवीन कुणी कोल्हापुरात आलं असेल, किंवा इथलेच असाल पण कधी आत पाऊल टाकलं नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

१. आधी मनातला प्रश्न मिटवा: आपल्याला चालतं का?

चालतं. विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन उद्घाटनाला आले होते, आणि आज ते कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या लोकांचं सरकारी विद्यापीठ आहे. शेतकऱ्यांची पोरं शिकावीत म्हणून "कमवा आणि शिका" चालवणारी ही जागा. तिथं बाहेरचा माणूस व्याख्यान ऐकायला आला तर आयोजकांना उलट बरंच वाटतं, कारण खरं सांगायचं तर सभागृह भरणं ही त्यांची पण काळजी असते.

फक्त सगळेच कार्यक्रम खुले नसतात, त्यामुळे शब्द नीट वाचायचे. "सर्वांसाठी खुले", "प्रवेश विनामूल्य", "रसिकांनी उपस्थित राहावे" यातलं काही लिहिलं असेल तर डोळे झाकून जा. "निमंत्रितांसाठी" असेल तर नाही. काहीच लिहिलं नसेल तर विभागाला फोन करायचा, त्याचं पुढं सांगते.

२. कार्यक्रम आहे हे कळणार कुठून

इथं बहुतेक जण अडकतात, कारण एकाच ठिकाणी सगळी यादी मिळेल असं काही नसतं. मराठी विभाग वेगळं काही ठेवतो, हिंदी-इंग्रजीवाले वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं, आणि एखाद्या व्यक्तीच्या किंवा विषयाच्या अभ्यासासाठी असलेली अध्यासनं आणि केंद्रं आहेतच, राजर्षी शाहू संशोधन केंद्र, संत तुकाराम अध्यासन, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व विकास केंद्र, गांधी अभ्यास केंद्र. लेखक यातल्या कुणाच्याही बोलावण्यावरून येऊ शकतो. मी या चार गोष्टी करते:

पेपरातलं "आजचे कार्यक्रम" हे सदर रोज सकाळी बघायचं. पुढारी, सकाळ, लोकमत, तरुण भारत, जो घरी येतो तो, आणि ऑफिसात दुसरा येत असेल तर तो पण, कारण एकात असतं ते दुसऱ्यात नसतं. हे सदर आतल्या पानावर बारीक टायपात असतं, नजर पटकन पुढं जाते.

विद्यापीठाची वेबसाइट आणि फेसबुक पेज आठवड्यातून एकदा. मी रविवारी रात्री बघते.

विभागाच्या बाहेरचा नोटीस बोर्ड. एकदा कार्यक्रमाला गेलात की येताना बोर्डाचा फोटो काढून आणायचा, पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांची पत्रकं तिथं लागलेली असतात.

आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे माणसं. पहिल्या कार्यक्रमाला शेजारी जो बसलाय त्याला विचारा, "तुम्हाला कसं कळलं?" तो तुम्हाला एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेऊनच टाकतो. माझं असंच झालं, राजारामपुरीतल्या एक निवृत्त शिक्षिका शेजारी होत्या, त्यांनी तिथल्या तिथं माझा नंबर घेतला आणि आजही दर कार्यक्रमाची पत्रिका त्यांच्याकडूनच पहिली येते.

इथं सावध राहा: व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रिकेत तारीख, वार आणि साल तिन्ही बघा. मागच्या वर्षीची पत्रिका कुणीतरी हौसेनं परत पाठवलेली असते. तारीख आणि वार जुळत नसला तर समजायचं पत्रिका जुनी आहे.

३. वर्षात कधी लक्ष ठेवायचं

परीक्षा चालू असताना फारसं काही नसतं, विभाग कामात असतात. गजबज असते ती थंडीत. १८ नोव्हेंबरचा वर्धापनदिन, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन. दीक्षांत समारंभाच्या आसपास ग्रंथमहोत्सव असतो, ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा तर नक्की जा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो आणि २६ जूनला शाहू जयंती, त्या आठवड्यात तर शहरभर व्याख्यानं असतात. हे दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि त्याच्या आठ दिवस आधी शोधायला लागा.

४. पत्रिका वाचताना जागेचं नाव दोनदा वाचा

हे मी वेगळं लिहितेय कारण यात मी स्वतः फसले आणि माझ्यादेखत कितीतरी जण फसलेत. कोल्हापुरात शाहू महाराजांचं नाव सगळीकडं आहे, असायलाच पाहिजे, पण त्यामुळे नवीन माणसाचा गोंधळ होतो. "राजर्षी शाहू सभागृह, शिवाजी विद्यापीठ" हे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. "शाहू स्मारक भवन" हे दसरा चौकात, म्हणजे शहराच्या मधोमध. मी घाईत फक्त "शाहू" वाचलं आणि दसरा चौकात जाऊन उभी राहिले, तिथं चित्रांचं प्रदर्शन चालू होतं! रिक्षा करून विद्यापीठात पोचेपर्यंत पाहुण्यांचं अर्धं भाषण झालेलं.

तसंच खांडेकरांचं. आवारात वि. स. खांडेकर भाषा भवन आहे आणि वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय पण आहे, ही दोन वेगळी ठिकाणं. ग्रंथालयाच्या इमारतीला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे, आणि खांडेकर-खर्डेकर हे पण घाईत ऐकताना एकसारखंच वाटतं. गेटवर विचारताना आडनाव स्पष्ट म्हणा.

शिवाय पत्रिकेत "व्याख्यान" आहे का "चर्चासत्र" का "कार्यशाळा" ते बघा. व्याख्यान, प्रकट मुलाखत, कविसंमेलन, लेखक आपल्या भेटीला, अशा गोष्टींना सहसा पैसे नसतात. चर्चासत्र आणि कार्यशाळेला नोंदणी फी असू शकते, कारण त्यात जेवण, किट, प्रमाणपत्र वगैरे असतं. काही ठिकाणी ऐकायला फुकट पण प्रमाणपत्र पाहिजे तर फी, असं पण असतं. आपल्याला प्रमाणपत्र कशाला लागतंय, सरळ विचारायचं, "नुसतं ऐकायला बसलं तर चालेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात. गुगल फॉर्म दिला असेल तर तेवढा भरा, त्यात "विभाग/महाविद्यालय" असा रकाना असतो तिथं बिनधास्त "वाचक" असं लिहा, मी तेच लिहिते.

आणि शंका असेल तर फोन. पत्रिकेच्या खाली समन्वयकांचा नंबर असतो. "नमस्कार सर, मी विद्यार्थी नाही पण वाचते, उद्याच्या व्याख्यानाला आले तर चालेल ना?" एवढं एक वाक्य. आजवर मला फोनवर कुणी नाही म्हणलेलं नाही.

५. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं म्हणाल तर फक्त एक ओळखपत्र, आधार किंवा लायसन्स, ते पण गेटवर विचारलंच तर. मोबाईलमध्ये पत्रिकेचा फोटो ठेवा, तो आधारपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण वॉचमनना पण रोज कुठल्या हॉलला काय आहे हे पाठ नसतं, फोटो दाखवला की लगेच रस्ता सांगतात.

बाकी वही आणि पेन. पाण्याची बाटली. जून ते सप्टेंबर छत्री किंवा रेनकोट, कोल्हापूरचा पाऊस आणि विद्यापीठाचं आवार दोन्ही मोठं आहे. थोडे रोख पैसे, दारात पुस्तकांचं टेबल असतं आणि तिथं ऑनलाइन पैसे द्यायला नेटवर्क दर वेळी मिळेलच असं नाही. आणि त्या लेखकाचं एक तरी पुस्तक, तुमच्याकडं असेल तर.

कपड्यांचा प्रश्न मला दोघी-तिघींनी विचारला म्हणून लिहिते. आपण ऑफिसला जातो तसं. मी कामावरून तशीच जाते.

६. पोचायचं कसं

मध्यवर्ती बस स्टँडपासून विद्यापीठ साधारण चार-पाच किलोमीटर आहे. केएमटी मिळते, बसताना कंडक्टरला विद्यापीठ गेट म्हणून सांगून ठेवा. रिक्षानं येणार असाल तर राजारामपुरी किंवा सायबर चौकाकडून येतात. स्वतःची गाडी असेल तर सगळ्यात सोपं, आत पार्किंग आहे.

पण महत्त्वाचं पुढंच आहे. आवार ८५३ एकरांचं आहे. म्हणजे गेट आलं म्हणजे आपण पोचलो असं समजू नका, गेटपासून हॉलपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं धरूनच निघायचं, भाषा भवनाला तर पहिल्यांदा जाताना विचारत विचारत वीस मिनिटं लागली मला. चालायला रस्ता छान आहे, दोन्ही बाजूला झाडी, आणि सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतात, खरंच दिसतात, मी एकदा ग्रंथालयाच्या बाजूला थांबून पाच मिनिटं एका मोराकडंच बघत राहिले होते. पण संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाताना परतीचं आधी ठरवा. अंधार पडल्यावर आतून गेटपर्यंत एकटं चालण्यापेक्षा कुणाच्या तरी सोबत निघा आणि शेवटची केएमटी कितीला आहे ते येतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

गेटवर कुणी विचारलं तर घाबरू नका. "अमुक हॉलला व्याख्यान आहे, ऐकायला आलेय" म्हणायचं आणि फोटो दाखवायचा. एकदा मात्र मला खरंच परत पाठवलेलं, विद्यापीठात नाही, शहरातल्या एका कॉलेजात. वॉचमन म्हणाला बाहेरच्यांना नाही, आणि मी मान खाली घालून परत आले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, "शहरातील रसिक उपस्थित होते". तेव्हापासून मी समन्वयकांचा नंबर सेव्ह करूनच जाते. अडवलं तर वाद घालायचा नाही, तिथंच उभं राहून फोन लावायचा, आतून कुणीतरी विद्यार्थी घ्यायला येतो.

७. आत गेल्यावर

दारात टेबलावर नोंदवही असते. नाव, गाव, फोन आणि सही. इथं फोन नंबर नीट लिहा, पुढच्या कार्यक्रमाचे मेसेज कधी कधी याच वहीतून नंबर घेऊन येतात.

पुढच्या एक-दोन रांगा पाहुणे आणि प्राध्यापकांसाठी राखीव असतात, खुर्च्यांवर कापड किंवा कागद असतो. तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेला बसा. अगदी मागं बसू नका, लाजून मागं बसलं की ऐकू पण येत नाही आणि मागच्या पोरांची कुजबुज चालू असते.

वेळेचं सांगायचं तर पत्रिकेत साडेदहा असेल तर पाहुणे बोलायला उभे राहीपर्यंत सव्वा अकरा होतात. आधी स्वागत, मग प्रास्ताविक, मग उद्घाटन, आपल्याकडं बऱ्याचदा रोपाला पाणी घालून करतात, मला ती पद्धत फार आवडते. मग पाहुण्यांचा परिचय, ग्रंथ देऊन सत्कार, मग मुख्य भाषण, मग अध्यक्षीय आणि शेवटी आभार. म्हणून उशीर झाला म्हणून अर्ध्या वाटेतनं परत फिरू नका. कामावरून दोन तासांची सवलत घेऊन येणार असाल तर हा हिशोब करूनच साहेबांना वेळ सांगा. आमच्या ऑफिसला सोमवारी सुट्टी असते म्हणून मी सोमवारचे कार्यक्रम आधी बघते, बाकी दिवशी लंच टाइम जोडून घेते.

फोन सायलेंटवर. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, काही लेखकांना आवडत नाही, विशेषतः न छापलेली कथा किंवा कविता वाचणार असतील तर. आयोजक बऱ्याचदा स्वतःच रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकतात.

८. प्रश्न विचारायचा, नक्की विचारायचा

मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. प्रश्नोत्तरांची वेळ आली की सभागृहात सगळे एकमेकांकडं बघतात, मग एखादे सर उठतात आणि पाच मिनिटं स्वतःच बोलतात, आणि वेळ संपते. आपल्यासारखी पुस्तक खरोखर वाचून आलेली माणसं गप्प बसतात. असं करू नका हो.

मी बघितलेला एक प्रसंग सांगते. ग्रामीण कथा लिहिणारे एक लेखक आले होते. भाषण झालं, प्रश्न सुरू झाले, आणि मागून एक आजोबा उठले, डोक्यावर टोपी, हातात बाजाराची पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली. माईक त्यांना धरता येईना, एका मुलीनं त्यांच्या तोंडापुढं धरला. ते म्हणाले, "तुमच्या गोष्टीतली ती म्हैस इकायला नको हुती. घरात दुसरं काय न्हवतं का इकायला?" कुणी हसलं नाही. लेखक माईकवरून बाजूला झाले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ही म्हैस आमच्या घरातली होती. मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं, त्या वर्षीच्या दुष्काळाचं, दावणीला रिकामा राहिलेला खुंटा आई रोज झाडायची त्याचं सांगितलं. सगळ्या भाषणात जे आलं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं आलं. मी त्या दिवशी वहीत फक्त तेवढंच लिहून घेतलं.

तर प्रश्न कसा विचारायचा:

आधी वहीत लिहून काढा, दोन ओळींत बसला पाहिजे. उठल्यावर नाव आणि गाव सांगा, आणि थेट प्रश्न. "आपण फार सुंदर बोललात" हे नंतर चहाच्या वेळी सांगता येतं. प्रश्न पुस्तकातल्या एखाद्या ठरावीक जागेबद्दल असला तर लेखक खुलतात, "तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कशी मिळाली" याचं उत्तर त्यांनी शंभर वेळा दिलेलं असतं. आपल्या बोलीत विचारा. गडहिंग्लजची असाल तर गडहिंग्लजच्या, शिरोळची असाल तर शिरोळच्या. आपल्या जिल्ह्यातल्याच पन्हाळ्याच्या कृष्णात खोतांना २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला तो अशाच मातीतल्या मराठीत लिहून, मग प्रश्न विचारायला पुस्तकी भाषा कशाला पाहिजे?

उठून बोलायचं धाडस होत नसेल तर चिठ्ठी पाठवा. बरेच सूत्रसंचालक चिठ्ठ्या घेतात.

९. सही आणि पुस्तक

भाषण संपलं की लेखकाभोवती गर्दी होते. पाच मिनिटं थांबा, फोटोवाली मंडळी पांगली की मग जा. पुस्तक पुढं करताना पहिलं कोरं पान उघडून द्या आणि नाव कसं लिहायचं ते एका कागदावर लिहून न्या. बाहेरच्या टेबलावर पुस्तकं बऱ्याचदा सवलतीत असतात. पण पुस्तक घेतलंच पाहिजे असं काही नाही, कुणी तसं अपेक्षित धरत पण नाही. परवडत नसेल तर नाव लिहून घ्या आणि वाचनालयात मागा.

१०. विद्यापीठ लांब पडत असेल तर

शहरातच बघा. राजाराम कॉलेज तसं विद्यापीठाच्या जवळच, पण विवेकानंद, न्यू कॉलेज, कमला कॉलेज, दसरा चौकातलं शहाजी कॉलेज इथंही मराठी विभाग आणि वाङ्मय मंडळं पाहुणे बोलावतात. कॉलेजला जाताना मात्र आधी फोन कराच, गेटचं वर सांगितलंय. आणि कॉलेजच्या बाहेर करवीर नगर वाचन मंदिर, १८५० पासूनचं, त्यांच्याकडं व्याख्यानं होतात आणि संध्याकाळची वेळ नोकरीवाल्यांना सोयीची पडते.

ज्यांना पहिल्यांदा गर्दीत जायचं दडपण वाटतं त्यांना एक सुचवते. आधी कार्यक्रम नसताना कामाच्या दिवशी एकदा विद्यापीठात जाऊन या आणि खांडेकर स्मृती संग्रहालय बघा, उघडं असल्याची खात्री फोनवर करून. १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीतला पहिला, ज्या माणसाला मिळाला तो आपल्या या गावात राहून लिहायचा, शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं तर दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचा. ते बघताना रस्ते कळतात, इमारती कळतात, गेटवरचे लोक ओळखीचे होतात. मग व्याख्यानाच्या दिवशी फक्त हॉल शोधायचा राहतो.

कुणाला या सोमवारी यायचं असेल तर मी दहा वाजता मेन गेटच्या आत, पुतळ्याच्या बाजूला उभी असेन. निळी छत्री आहे माझी.